थोडा दोष असला तरी चालेल

आमचा धंदा पुतळ्यांचा. चौकातल्या पुढाऱ्यांचे नव्हेत. कापडाच्या दुकानात काचेमागे नवे कपडे घालून उभे असतात ते. नवऱ्याने कारखाना सुरू केला. तो गेल्यावर लोक म्हणाले, आता विकून टाका, बाईमाणसाला झेपायचं नाही. मी विकला तर नाहीच, उलट त्याच्या काळात पुतळ्यांचे डोळे तिरळे यायचे, ते सरळ केले. आज गल्लीत कोणी पत्ता विचारला तर सांगतात, जिथे दारात उघड्या बायका ओळीने उभ्या दिसतील तिथे थांबा, आणि आत एक कपडे घातलेली म्हातारी ओरडत असेल तिला विचारा.

आमच्याकडे छाती हा शब्द दिवसभर चालतो. "छाती सुकली का?" "डावी छाती पुन्हा घासून घे." "त्या छात्या उन्हातून आत आणा रे, तडकतील." त्यात कोणाला काही वाटत नाही. सुताराला पाय म्हणजे टेबलाचा पाय, तसं ते. पण हाच शब्द उंबरठ्याबाहेर पडला की माणसांचं काय होतं, ते मला चिटणीसांनी दाखवलं.

चिटणीस म्हणजे आमच्या भागातल्या आरोग्य समितीचे चिटणीस. सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आत आले आणि आल्यापासून छताकडे बघत उभे राहिले. खाली बघायची सोय नव्हती, खाली सगळ्या आमच्या बायका.

"आम्हाला काही नमुने करून हवे आहेत," ते छताला म्हणाले.

"कसले?"

"वरचे."

"वरचे म्हणजे डोकी?"

"नाही, डोक्याच्या खालचे."

"माना?"

"मानेच्याही जरा खाली, बाई."

"मग सरळ खांदे म्हणा की."

माझी सून कोपऱ्यात पुतळ्यांचे ओठ रंगवत बसली होती. तिचा हात थांबला, खांदे हलायला लागले. शेवटी तिलाच त्या माणसाची दया आली. "आई, त्यांना छाती हवी आहे," ती म्हणाली.

"तेच ते," चिटणीस म्हणाले आणि रुमालाने मान पुसली. "बायकांसाठी शिबिर घेतोय. त्यात डॉक्टरीणबाई तपासणी शिकवणार आहेत. तेव्हा नमुने मऊ हवेत, खऱ्यासारखे. आणि आतून..." इथे गाडी पुन्हा अडली. "आतून थोडा दोष असला तरी चालेल. म्हणजे असला तर बरंच. असायलाच..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

मला ते झोंबलं. दोष असला तरी चालेल? हे आमच्या तोंडावर? समितीचं काम म्हणजे फुकटचं काम, त्यात काय बघायचंय, असं समजतो हा माणूस, असं मला वाटलं. मी म्हटलं, "चिटणीससाहेब, आमच्या मालात दोष शोधायला भिंग आणा. सापडला तर कारखान्याला कुलूप लावते."

ते काही बोलायला गेले. मग त्यांची नजर चुकून खाली आली, समोरच्या पुतळीवर पडली, आणि ते "बरं, बरं" करत निघूनच गेले.

आमचे पुतळे कडक असतात, फायबरचे. पण चेहऱ्याचे आणि हातांचे साचे आम्ही सिलिकॉनचे करतो, ते रबरासारखं मऊ असतं. त्यात तेल जास्त घातलं की आणखी मऊ होतं. मी ठरवलं, हेच वापरायचं. आता सिलिकॉन ओतताना हवा अडकते आणि आत बुडबुडे राहतात. ते राहू नयेत म्हणून उंचावरून, सुतासारखी बारीक धार सोडावी लागते. घाईचं काम नाही. ते मी सुनेला दिलं, कारण तिच्या हाताला घाई माहीतच नाही. आणि झालेला माल तपासायला आमचा घाशा. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीसुद्धा कोणाला आठवत नाही. आयुष्यभर पॉलिश पेपरने घासतोय म्हणून घाशा. तो डोळे मिटून बोटं फिरवतो आणि कुठे उंचवटा, कुठे पोकळी, ते सांगतो. एका नमुन्यात त्याला आत काहीतरी लागलं, बुडबुडा असेल. मी तो कापून फेकून दिला आणि नवा ओतून घेतला. बाकीचे निघाले ते असे की लोण्याने मान खाली घालावी.

शिबिराच्या दिवशी मी स्वतः गेले. आपला माल लोकांपुढे जातोय, तर तोंड दाखवावं. शाळेचा हॉल होता. सगळीकडे गुलाबी. गुलाबी फुगे, गुलाबी फिती, टेबलावर गुलाबी कापड, आणि समितीच्या अध्यक्षीणबाई डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. फलकावर लिहिलं होतं, 'निरोगी स्त्री, आनंदी घर'. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचून झाल्यावरसुद्धा शिबिर कशाचं ते कळलं नाही. ते मलाच कळलं नाही असं नव्हे. माझ्या शेजारची बाई साखरेचा रिपोर्ट घेऊन आली होती. तिच्या पलीकडची नवऱ्याच्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊन.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज खणखणीत. त्यांनी माईक हातात घेतला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "आज आपण स्तनाच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहोत."

हॉलमध्ये असं काही झालं की जणू कोणी भांडं पाडलं. चिटणीस खोकले. अध्यक्षीणबाईंनी फीत नीट केली. गुडघ्याच्या एक्स-रेवाली म्हणाली, "अगं बाई, आम्हाला वाटलं स्वयंपाकाचं काही असेल." पण उठून कोणी गेलं नाही. डॉक्टरीणबाई बोलत गेल्या. सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात, बहुतेक नसतातच. पण ते आपण घरी बसून ठरवायचं नाही. लवकर आलं की बरं होतं, उशिरा आलं की अवघड होतं. त्या सगळं असं सांगत होत्या, जसं दळण कुठून आणायचं ते सांगावं.

मग त्यांनी आमचे नमुने वाटले. "यातल्या प्रत्येकात गाठ आहे. बोटांच्या पेरांनी, गोल गोल, अशी दाबत शोधा. सापडली की हात वर करा."

बायका शोधायला लागल्या. आधी लाजत, मग हसत, मग चुरशीने. हात कोणाचाच वर होईना. एक म्हणाली, "मला सापडली," आणि ती तिच्याच बोटातली अंगठी निघाली. डॉक्टरीणबाई स्वतः एक नमुना घेऊन बसल्या. दाबला, उलटा केला, पुन्हा दाबला.

माझी छाती अभिमानाने फुगली होती. मी उठून उभी राहिले. "शोधा, शोधा! उद्यापर्यंत शोधा. आमच्या मालात गाठ सापडायची नाही. एकात लागली होती, ती मी फेकून दिली."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग चिटणीसांकडे. "तुम्ही यांना काय सांगितलं होतं?"

"मी सांगितलं होतं," चिटणीस म्हणाले. "की आतून... थोडा..."

"थोडा काय?"

"दोष."

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला आणि हसायला लागल्या. अख्खा हॉल हसला. मी नाही हसले. भर सभेत मला समजलं की ज्या गाठीसाठी हा सगळा खटाटोप, तीच मी घासूनपुसून काढली होती, आणि वर छातीवर हात मारून सांगत होते.

"चूक माझी नाही," मी म्हटलं. "गाठीला गाठ म्हणायला यांची जीभ झिजते, त्याला मी काय करू?"

"बरोबर आहे बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात दुसरं शिबिर आहे. आता मी सांगते तसं करून द्याल? गाठी हव्यात. एक वाटाण्याएवढी, एक त्याहून बारीक. एक अगदी खोल."

तर अशी आमच्याकडे गाठी करायची वेळ आली. जन्मभर जे टाळलं तेच मुद्दाम घालायचं. मी पुरुषांना बाहेरच्या कामावर पिटाळलं, फक्त घाशाला ठेवलं, कारण त्याच्या बोटांशिवाय चालत नव्हतं. माझा मुलगा दारातून डोकावला. "आई, हे निदान झाकून तरी कर ना. गिऱ्हाईक येतात."

"तुझ्या दारात गल्लीभर उघड्या बायका उभ्या आहेत, त्यांच्या मधून गिऱ्हाईक आत येतं," मी म्हटलं. "आणि हे बघून त्याला घेरी येणार आहे होय?"

तो गेला. आम्ही कामाला लागलो. आधी वाळका वाटाणा घालून पाहिला. मग मणी. मग रबराची गोळी, मग शर्टाचं बटण. प्रत्येक वेळी नमुना तयार झाला की घाशा डोळे मिटून दाबायचा, मग मी, मग सून. घाशा म्हणाला, "मणी छान लागतोय, बाई. टुणकन लागतो."

सून दाबत होती. ती कधी मधे बोलत नाही. पण म्हणाली, "हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"ही पळते. बोटाखालून सटकते. ती अशी सटकत नाही. ती खाली धरून बसलेली असते." तिची बोटं अजून नमुन्यावरच होती. "आणि एवढी गुळगुळीत नसते. कडा वेड्यावाकड्या असतात. आल्याचा तुकडा असावा तशी."

घाशाने हात काढून घेतला.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"डॉक्टरीणबाईंनीच नाही का..."

"डॉक्टरीणबाईंच्या शिबिराला मी गेले होते. तू इथे ओठ रंगवत होतीस."

तिने नमुना खाली ठेवला. घाशाला काय समजायचं ते समजलं. तो उठला, "राळेचा डबा बघतो" म्हणाला आणि गेला. राळेचा डबा त्याच्या पायाशीच होता.

मी दार लोटून घेतलं. "कुठे आहे?"

तिने उजव्या बाजूला, काखेच्या जवळ हात नेला. माझ्या समोर उभी होती ती बाई. एवढी वर्षं एका घरात जेवतोय, आणि तिच्या अंगात काय आहे ते मला एका सिलिकॉनच्या गोळ्यावरून कळत होतं.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. कामाची सवय, आंघोळ करताना हात आपोआप फिरतो. लागली."

"आणि गप्प बसलीस?"

मग तिने सांगितलं. तिची आई हृदयाने गेली, असं लग्न ठरवताना तिच्या बाबांनी आम्हाला सांगितलं होतं. आम्हीच नव्हे, सगळेच तसं म्हणायचे. पण तिची आई हृदयाने गेली नव्हती. याच दुखण्याने गेली. तिचे बाबा लोकांना 'छातीचं दुखणं' एवढंच सांगायचे, आणि लोक पुढचं स्वतःच समजून घ्यायचे, बिचारीला हृदयाचं काहीतरी. त्यांनी ते तसंच राहू दिलं. घरात दोन मुली, उद्या त्यांची लग्नं व्हायची, उगाच बोभाटा कशाला. थोरलीला, म्हणजे हिला, तेवढं माहीत होतं, कारण आईचं सगळं तीच करायची. आणि तिला बाबांनी बजावलं होतं, सासरी कधी तोंड उघडायचं नाही.

"म्हणजे तुझ्या बापाने मला फसवलं," मी म्हटलं.

"हो."

"तोंडावर. माझ्या घरात बसून. माझ्या हातचा चहा पिऊन."

"हो, आई." ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "म्हणूनच नव्हते सांगत. तुम्ही म्हणणार, घरातच आहे त्यांच्या, ठाऊक होतं त्यांना, आणि आमच्या गळ्यात बांधलं. मग माझ्या मुलीलाही तेच ऐकावं लागेल."

मी रागावले होते, खोटं कशाला सांगू. मला कोणी फसवलेलं मला चालत नाही. कापडवाला नाही, रंगवाला नाही, आणि व्याही तर मुळीच नाही. मी एक फेरी मारली. पुतळ्यांच्या मधून गेले आणि परत आले. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, सरळ डोळ्यांनी, ते मीच सरळ केलेले. आणि सून भिंतीशी उभी, काखेखाली हात दाबून, मी काय निकाल देते त्याची वाट बघत. जशी मी डॉक्टर आहे. जशी गाठ माझ्या तोंडाकडे बघून वाढायचं की थांबायचं ते ठरवणार आहे.

"फसवलं तर फसवलं," मी म्हटलं. "तुझ्या बापाचं मी नंतर बघते. आधी चपला घाल."

"आत्ता? सिलिकॉन कालवलंय, आई. घट्ट होऊन जाईल."

"होऊ दे दगड त्याचा."

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं तेव्हा मी पडद्याच्या अलीकडे बसले होते. त्या बाहेर आल्या, हात धुतले. म्हणाल्या, "हात लावून मी काही सांगणार नाही. फोटो काढावा लागेल, सुईने तुकडा घेऊन तपासावा लागेल. मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी देते. उद्या जा. परवा नाही, उद्या." मग सुनेला म्हणाल्या, "आलात हे फार चांगलं केलंत."

"आली कुठे," मी म्हटलं, "मी आणली."

"आई," सून म्हणाली, "मी पण चालतच आले ना."

त्या दिवशी ती पहिल्यांदा मला उलट बोलली. मला बरं वाटलं. जी भांडते ती टिकते.

संध्याकाळी मुलगा ऐकून खुर्चीत बसला तो उठेचना. बायकोवर त्याचा जीव आहे, पण जीव असला तरी डोकं असतंच असं नाही. पाणी प्यायल्यावर त्याचं पहिलं बोलणं काय? "कोणाला सांगायचं नाही. आपण लांबच्या गावी दाखवू. जरा मोसम संपू दे, दुकानांची गर्दी ओसरू दे, मग जाऊ. घाशाला पण ताकीद दे. उद्या आपल्या मुलीचं लग्न ठरवायची वेळ आली तर..."

"तुझ्या मुलीचे अजून दुधाचे दात पडतायत," मी म्हटलं. "तिचं लग्न ठरवायला तिची आई नको का?"

"आई, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत गाठ असली की मूठ उघडावी लागते. आणि झाकून काय होतं ते हिच्या बापाला विचार. त्याने झाकलं, त्याची बायको तर राहिली नाहीच, आणि मुलगी दुखणं अंगावर घेऊन माझ्या घरात गप्प बसली. अजून किती जणींना झाकायचंय?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती मुलीच्या वेणीतला गुंता सोडवत बसली होती. "मला उद्याच जायचंय," ती म्हणाली. "लांब नाही, इथेच. मला सोबत येणार का, तेवढं सांगा." तेव्हा कुठे तो खुर्चीतून उठला. तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसला आणि म्हणाला, "येतो ना. कारखाना काय, आई बघेल."

आई बघेल! जसा काय आजवर तोच बघत होता.

कॅन्सर निघाला. ते आता सांगायला सोपं वाटतंय, ऐकलं तेव्हा मी दवाखान्यातल्या बाकाची कड धरली होती. पण गाठ लहान होती, काखेत उतरली नव्हती. सगळं काढावं लागलं नाही, गाठ आणि तिच्या भोवतालचं तेवढंच काढलं. मग शिरेतून औषधांच्या बाटल्या, मग किरणं. केस गेले. नातीने आईच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "घाशाकाकांनी पॉलिश केलं का?" सून एवढी हसली की टाक्यांची जागा दुखली. कारखान्यात डोक्यांना लावायच्या केसांचे टोप ढिगाने पडलेले. तिने सगळे घालून पाहिले, आणि एकही ठेवला नाही. "यात मी विकाऊ दिसते," म्हणाली.

गल्लीत बोभाटा झाला, होणारच होता. कोणी म्हणालं, तिच्या हातचं खाऊ नका. त्या बाईकडे मी स्वतः गेले आणि विचारलं, तुझ्या सासऱ्याचा मधुमेह तुला चिकटला का ताटातून? चिकटला असता तर जिभेवर थोडी साखर तरी आली असती. कोणी म्हणालं, अरेरे, बाईपणच गेलं. त्यावर मात्र मला काही बोलावं लागलं नाही. सूनच म्हणाली, "मावशी, बाईपण तिथे ठेवलेलं असतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या कारखान्यात रोज चाळीस निघतात. पाठवू का एक?"

अशात एके दिवशी अध्यक्षीणबाई आल्या. मागे चिटणीस, त्यांच्या मागे फोटोवाला. हातात गुलाबी पट्टा, त्यावर सोनेरी अक्षरं. चिटणीसांनी वाचून दाखवलं, 'रणरागिणी'.

"मोठ्या कार्यक्रमात यांना व्यासपीठावर बसवायचंय," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "यांचा लढा सगळ्यांना प्रेरणा देईल. आत्ता एक फोटो घेऊ. जरा हसा हं."

सून नुकतीच औषधाची बाटली चढवून आली होती, रंग उडालेल्या भिंतीसारखी दिसत होती. तिने पट्टा हातात घेतला, घडी नीट केली आणि परत दिला. "मी लढले नाही हो. मला भीती वाटत होती, तरी दवाखान्यात गेले. माझी आई पण काही कमी लढली नव्हती. तिला कोणी नेलं नाही."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. अध्यक्षीणबाई पट्ट्याची घडी उलगडून पुन्हा घालत होत्या. त्या वाईट नाहीत. एवढ्या गुलाबीत माणसाला दुसरा रंग दिसत नाही, इतकंच.

मी संधी सोडत नाही. "अध्यक्षीणबाई, बसा. फुग्यांचं राहू द्या यंदा. दवाखान्यात ते छातीचा फोटो काढायचं यंत्र गुरुवारीच चालू असतं, आणि आपल्याकडून तिथे जायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात. अर्ध्या बायका तिथेच गळतात. दर गुरुवारी एक गाडी लावा. ती शिबिराच्या हॉलपासून निघेल आणि परत आणून सोडेल. एवढं करा, मग मी स्वतः पट्टा घालून नाचते."

"तुम्ही नको," चिटणीस घाईने म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. "गाडीचं बघतो, बाई."

"आणि फलकावर काय आहे ते लिहा. नाहीतर गाडीत पुन्हा गुडघे भरून जातील."

चिटणीसांनी खिशातलं पेन काढलं. कागदावर शब्द लिहिला. लिहिता लिहिता कान लाल झाले, पण लिहिला. मला दाखवला. "असाच ना?" मी म्हटलं, मला काय विचारता, मी चौथी नापास. पण असाच असावा.

गाडी सुरू झाली. पहिल्या गुरुवारी तीन बायका होत्या, त्यातली एक नुसती फिरायला आली होती. आता बसायला जागा मिळत नाही. शिबिरं चालू आहेत, नमुने आम्हीच देतो.

सगळं असं मार्गाला लागलं तरी एक काम राहिलं होतं, आणि ते सून टाळत होती. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, आईला होतं म्हणता, मग बहिणी किती? तिने सांगितलं, एक धाकटी. डॉक्टर म्हणाले, तिला तपासून घ्यायला सांगा, लवकर. सून "हो" म्हणाली आणि आठवडे गेले. मी विचारलं की म्हणायची, फोनवर कसं सांगू. आई जाताना ती लहान होती. बाबा अजून आहेत. बाबांना खोटं पाडायचं, तेही आता, थकल्यावर.

"मग तुझ्या बापाचं खरं राहू दे आणि बहीण जाऊ दे," मी म्हटलं.

बोलून गेले. तिने कुंचला खाली ठेवला. मग कारखान्यातला फोन ओढून घेतला आणि तिथेच, ओल्या पुतळ्यांच्या मधे बसून लावला. घाशा उठायला लागला, तिने हातानेच त्याला बस म्हटलं.

मी जवळ सरकले. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, धाकटीचा आवाज माझ्यासारखाच आहे.

"ताई! बरं वाटतंय का आता? केस आले?"

"येतायत. ऐक. तुला एक सांगायचंय. आईबद्दल." सुनेने श्वास घेतला. "आई हृदयाने गेली नाही."

"म्हणजे?"

"मला जे झालं तेच तिला होतं. बाबांनी सांगू दिलं नाही. तू तपासून घे."

 मग धाकटी म्हणाली, "ताई, माझं हृदय उत्तम आहे."

"अगं, मी काय सांगतेय..."

"नाही, तू ऐक. आई हृदयाने गेली म्हणून मी दरवर्षी हृदय तपासते. न चुकता. ईसीजीची पट्टी काढते, जिने चढवतात ती परीक्षा देते. तेल सोडलंय, मीठ सोडलंय, रोज पळायला जाते. डॉक्टर म्हणतात, तुमचं हृदय घोड्यासारखं आहे." तिचा आवाज चढत गेला आणि मधेच फुटला. "इतकी वर्षं मी भलतंच तपासत होते, ताई!"

 मी फोन तिच्या हातातून घेतला.

"मी बोलतेय. रडायचं असेल तर नंतर रड, तुझ्या बापासमोर बसून रड, त्याला पण ऐकू दे. उद्या दवाखान्यात जा. बहुतेक काही निघणार नाही. निघालं तरी तुझी ताई इथे बसून मला उलट बोलतेय, एवढं लक्षात ठेव. आणि उद्या गेली नाहीस, तर गाठ माझ्याशी आहे."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "जाते, मावशी. पण तिथे खिडकीवर काय सांगू? कशासाठी आलेय म्हणून?"

मी फोन सुनेकडे दिला. हे तिने सांगायचं होतं.

"स्तनाची तपासणी करायचीय म्हणून सांग," ती म्हणाली. "आडून आडून बोलू नकोस. नाहीतर ते तुला पुन्हा हृदयाकडे पाठवतील."

"स्तनाची तपासणी," धाकटीने म्हणून पाहिलं. मग फोनपासून तोंड लांब करून ती नवऱ्याला हाक मारताना ऐकू आली, इतकी मोठ्याने की तिच्या शेजाऱ्यांनाही कळलं असेल: "अहो, उद्या पळायला जायचं नाहीये. रिकामे राहा, तुम्हाला माझ्याबरोबर दवाखान्यात यायचंय. स्तनाची तपासणी आहे. हो, स्तनाची! आईला झालं होतं!"